खाडीचा खेकडा आणि शंभराचा स्टॅम्प पेपर

पैठणजवळ नाथसागराच्या काठी आमच्या तीन पिढ्या जाळ्यावर जगल्या. धरणाचे पाणी आटले की मासळी कमी लागते आणि वादळी दिवसांत थर्माकोलचा ताफा पाण्यात घालता येत नाही, म्हणून घराला जोडधंदा हवा होता. अशा वेळी एका कंपनीचा माणूस गावात आला आणि सिंधुदुर्गातील महिला बचत गट खाडीत खेकडे वाढवतात, याची चित्रफीत त्याने मोबाईलवर दाखवली. ती खोटी नव्हती. कांदळवनालगत असे गट खरोखर काम करतात. खोटे होते ते त्यापुढचे वाक्य : “हेच तुमच्या अंगणात, बोअरच्या पाण्यावर होईल.”

62,000 रुपयांत खेकडे ठेवायचे डबे, बीज म्हणजे खेकड्याची पिल्ले आणि प्रशिक्षण, शिवाय माल परत विकत घेण्याची स्टॅम्प पेपरवरची हमी. पाण्यातले आपल्याला कळते, हा माझा समज नडला. खाडीचा खेकडा आपल्या ओढ्यातल्या खेकड्यासारखा नसतो. त्याला निमखारे पाणी लागते. त्या माणसाने हौदात खडेमीठ टाकायला सांगितले. परंतु कात टाकल्यावर नवे कवच घट्ट होण्यासाठी पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही लागते, ते नुसत्या मिठातून पुरेसे मिळत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून सकाळी डबा उघडला की जुने कवच अर्धेच उतरलेला, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा मऊ, मेलेला खेकडा हाताला लागे.

जगलेले अकरा घेऊन फोन केला, तेव्हा करारातील ‘कंपनीच्या मापदंडात बसणारा माल’ हे शब्द मला वाचून दाखवण्यात आले. मापदंड करारात कुठेच लिहिलेला नव्हता.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिलांसाठी 60 टक्के अनुदान आहे, हे त्याने खरेच सांगितले होते. मात्र पत्नीच्या नावाच्या फाईलसाठी त्याने 8,000 रुपये वेगळे घेतले. असा अर्ज आलेलाच नाही, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात गेल्यावर कळले. पैसे भरण्याआधी मी तिथे एक चक्कर मारली असती तर बरे झाले असते.

सगळी रक्कम एका व्यक्तीच्या खासगी खात्यावर, मोबाईलवरून गेली होती. अशा वेळी लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार केली तर पैसे अडवले जाण्याची शक्यता असते. मी चार महिने त्याच्या ‘पुढच्या सोमवारी’वर विसंबून राहिलो. तोवर माझ्या शब्दावर गंगापूरच्या मावसभावानेही पैसे भरले होते. त्याचे पैसे मी यंदा मासळीच्या कमाईतून हप्त्याहप्त्याने फेडत आहे.