लॉर्ड ऑफ द रिंग्ज एक्स्टेंडेड ब्लू-रे सेट: घ्यावा का?

तर शेवटी घेतलाच. २०११ चा १५ डिस्कवाला सेट, सेकंड हँड, किंमत इथे लिहीत नाही कारण घरचे वाचतात. खोका आला तेव्हा एक कोपरा चेपलेला आणि टू टॉवर्सची (दुसऱ्या पिक्चरची) एक डिस्क आतल्या आत सुटून खुळखुळत होती. विकणाऱ्याला फोटो पाठवला तर त्याने नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवला. पुसून लावली, कुठे अडकली नाही, म्हणून भांडलो नाही.

हे थिएटरला आलेले (२००१, २००२, २००३) ते पिक्चर नाहीत, वाढीव सीनवाले आहेत, तिन्ही मिळून अकरा तासांच्या वर जातं आणि प्रत्येकाच्या शेवटी फॅन क्लबवाल्यांची नावं बराच वेळ सरकत राहतात ती वेगळीच. एकेक पिक्चर दोन डिस्कवर, म्हणजे मध्ये उठावं लागतंच. पण पहिल्या पिक्चरची पहिली डिस्क जिथे संपते ती जागा भारी आहे. एल्रॉन्ड नावाच्या सरदाराच्या सभेत सगळे थोर थोर लोक ती दुष्ट अंगठी नष्ट करायला कोणी न्यायची यावरून एकमेकांच्या अंगावर धावून जातायत आणि त्या गोंधळात पिक्चरचा हिरो फ्रोडो विडा उचलतो. आपल्याकडे विडा उचलणारे मिशीला पीळ देऊन उचलतात, हा बिचारा घाबरत घाबरत, एकदा बोलतो तर कोणाला ऐकूच जात नाही, परत बोलतो, आणि वर सांगतो की मला रस्ता माहीत नाही. त्या वेळी म्हाताऱ्या जादूगार गँडाल्फकडे बघा. फ्रोडोकडे पाठ आहे त्याची आणि आवाज ऐकून तो नुसते डोळे मिटतो, बस तेवढंच, जे होऊ नये वाटत होतं तेच झालं असं. मग जाणारे नऊ जण ठरतात, त्यातला पिपिन विचारतो की जायचंय कुठे, आणि डिस्क संपते. चहा टाकायला उठलो तरी डोक्यात तेच.

वाढीव सीन सगळेच कामाचे आहेत असं नाही. ११ ऑस्कर घेतलेल्या तिसऱ्या पिक्चरमधून दुष्ट जादूगार सारुमानचा शेवट थिएटरला कापला होता तो इथे आहे, लोक त्याचं कौतुक करतात, मला काही फार पडलेलं नाही. पण टू टॉवर्समधला बोरोमिर (त्या नऊ जणांतला एक) आणि त्याचा धाकटा भाऊ फारामिर यांचा सीन, त्याच्यासाठी सेट घ्या. शहर परत जिंकलंय, दोघे भाऊ हसतायत, पितायत, आणि तेवढ्यात बाप येतो आणि पाच मिनिटांत सगळ्यावर पाणी फिरवतो. थोरल्याला सांगतो जा आणि ती अंगठी माझ्यासाठी घेऊन ये. थोरल्याला जायचंच नाहीये. धाकटा म्हणतो मी जातो, तर बाप त्याला मोजतच नाही. इतकी वर्षं मी बोरोमिरला लालची समजत होतो हो, हा सीन बघितल्यावर कळलं की तो बापाची कामगिरी गळ्यात घेऊन आला होता. आमच्या दादाला कॉलेज सोडून दुकानात बसवलं होतं तेव्हा त्याचा चेहरा साधारण असाच होता, तो विषय इथे नको.

मराठी सबटायटल्स अर्थातच नाहीत, त्यामुळे सहावीतल्या भाच्याला मीच सांगत बसलो होतो. सॅम हा फ्रोडोकडे माळीकाम करणारा, त्याच्याबरोबर निघालेला, तो सारखा मिस्टर फ्रोडो म्हणतो, त्याचं मी आधी मालक केलं, मग धनी केलं, भाचा म्हणाला मामा दादा म्हण ना सरळ. बरोबर होतं त्याचं. डोंगरावर जेव्हा फ्रोडोला पाऊल टाकवत नाही आणि सॅम म्हणतो की अंगठी मला नाही उचलता येणार पण तुम्हाला तर मी उचलू शकतो, तिथे मालक कुठून चालणार.

आणि मग ज्वालामुखीच्या आतला तो कडा, जिथून अंगठी खाली आगीत टाकायची. इतके मैल चालून, उपाशी राहून, आता फक्त हात सोडायचा, आणि फ्रोडो म्हणतो अंगठी माझी आणि घालतो बोटात. भाचा माझ्याकडे वळला, "मामा, म्हणजे हिरो हरला ना?"

हो, हरला. मी आधी सारवासारव करायला गेलो पण खोटं कशाला बोला. काम पुरं होतं ते अंगठीसाठी वेडा झालेल्या गोलममुळे, तो ती हिसकावतो आणि तिच्यासकट आगीत पडतो, तेही त्याने ठरवून केलेलं नाही, आणि गोलम तोवर जिवंत कसा तर आधी बिल्बोला (फ्रोडोच्या आधी अंगठी याच्याकडे होती) आणि नंतर फ्रोडोला त्याची कीव आली म्हणून. बाकी पिक्चरमध्ये हिरो शेवटी एक ठोसा मारतो आणि जिंकतो, इथे महिन्यांपूर्वी जो वार केला नाही तो कामी येतो. भाच्याला हे पटलं नाही, तो म्हणाला चीटिंग आहे.

त्याला कंटाळा आला तो भाग मला सगळ्यात आवडतो. फ्रोडो, सॅम, पिपिन आणि त्यांचा आणखी एक मित्र असे चौघं गावच्या गुत्त्यात परत येऊन बसतात, आजूबाजूला लोक भल्यामोठ्या भोपळ्याचं कौतुक करतायत, ह्यांनी काय केलं कोणाला पत्ता नाही, आणि हे चौघं नुसते एकमेकांकडे बघून दारूचे मग उचलतात. आपल्याकडे गड आला पण सिंह गेला म्हणतात, इथे सिंह, म्हणजे फ्रोडो, घरी येतो, घरात राहतो, पण खांद्याची जखम चार वर्षांनीही दुखते आणि शेवटी तो जहाजात बसून निघूनच जातो. गाव वाचलं, त्याला मात्र तिथे राहवत नाही.

एक तक्रार. पहिल्या पिक्चरच्या प्रिंटला हिरवट झाक आहे, डोंगरावरचा बर्फ बघा, पांढरा म्हणवत नाही. टीव्हीचं सेटिंग बदलून बघितलं, उपयोग नाही. आणि १५ मधल्या ९ डिस्क शूटिंगच्या गोष्टींच्या आहेत त्या साध्या डीव्हीडी आहेत, क्लॅरिटी तशीच. तरी बघाच, सॅम पोहता येत नसताना नावेमागे पाण्यात शिरतो ना, त्या सीनला सॅम झालेल्या शॉन अॅस्टिनच्या पायात काच घुसली होती आणि त्याला हेलिकॉप्टरने दवाखान्यात न्यावं लागलं होतं, ते सगळं त्यात आहे.

प्लेअर असेल तर घ्या, नुसता शोकेसला ठेवायला घेऊ नका, खोका फार जागा खातो. पाचपैकी साडेचार. अर्धा बर्फाचा कापला.