देवबाग-मालवण बोट ट्रिप: आधी सुकती (ओहोटी) बघा, मग पॅकेज ठरवा

मालवणात शिरलं की बोर्डच बोर्ड, डॉल्फिन, त्सुनामी आयलंड, स्नॉर्कलिंग, बनाना राइड, किल्ला, सगळं एका दिवसात. देवबागला ज्यांच्या घरी उतरलो होतो ते काका म्हणाले, "आधी सुकती कधी ता बघा, मगे होडी ठरवा." ऐकलं ते बरंच झालं, कारण त्सुनामी आयलंड म्हणजे कर्लीच्या खाडीतला वाळूचा पट्टा, भरतीला बराचसा पाण्याखाली जातो, मग पैसे देऊन कंबरभर पाण्यात उभं राहायचं आणि फोन डोक्यावर धरायचा.

सकाळी लवकर डॉल्फिनला निघालो, तेव्हा वारा कमी असतो, दुपारनंतर बोट चांगलीच आपटते. दिसतीलच अशी गॅरंटी कुणी देत असेल तर सोडा. आमच्या होडीवाल्या दादाने भोगव्याच्या बाजूला इंजिन बंद केलं आणि गप्प बसायला सांगितलं, बऱ्याच वेळाने शेजारीच फुस्स आवाज, मग राखाडी पाठ आणि तिच्यावरची कुबड, बस तेवढंच, पण पोरं अजून तेच सांगत फिरतायत. दुसऱ्या बोटी मात्र इंजिन फुल ठेवून मागे धावत होत्या, त्यांना काय दिसणार!

स्नॉर्कलिंगने निराशा केली. बोर्डावर स्कूबा, प्रत्यक्षात मास्क लावून बोटीची रिंग धरायची, गाइड बिस्किटं चुरून टाकतो, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे अंगावर येतात, व्हिडिओ झाला की वर. मास्क गळका होता, बदलून मागितला तर "चालतंय हो". आणि हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तरी प्रवाळावर पाय देऊ नका असं एका शब्दाने कुणी सांगितलं नाही. खरंच डायव्हिंग करायचंय तर तारकर्लीला एमटीडीसीचं (राज्याच्या पर्यटन महामंडळाचं) स्कूबा सेंटर आहे, तिकडे चौकशी करा.

सिंधुदुर्ग किल्ला पॅकेजमध्ये अजिबात घेऊ नका, मालवण जेटीवरून वेगळे जा. १६६४ मध्ये बांधायला घेतलेला किल्ला, बोट अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही, चहूकडे खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, शिवराजेश्वराचं मंदिर, महाराजांच्या हातापायाचे ठसे. होडीवाले तासाभरात परत या म्हणतात, तेवढ्यात तटावरून धड फिरणंही होत नाही, तेव्हा चढायच्या आधीच जास्त वेळाचं बोलून घ्या.

बनाना राइड आम्ही सोडली, काही बिघडलं नाही, त्या वेळात सुरमई थाळी आणि दोन वाट्या जास्तीची सोलकढी झाली. पावसाळ्यात बोटी बंद असतात, त्यामुळे डिसेंबर-जानेवारी बेस्ट, फक्त नाताळचा आठवडा टाळा, जेटीवर मुंगीला जागा नसते.