स्वतःचा धंदा की मॅनेजरकी? बदलत्या काळात कुठलं कसब आधी शिकावं

उद्योजक म्हणजे धाडसी आणि मॅनेजर म्हणजे सेफ खेळणारा, असं सगळीकडे वाचायला मिळतं, मला ते अजिबात पटत नाही. फरक धाडसाचा नाहीये, हातात आकडे नसतात तेव्हा माणूस काय करतो त्याचा आहे. फ्रँक नाइट या अर्थतज्ज्ञाने १९२१ मध्येच सांगून ठेवलंय की जोखीम वेगळी आणि अनिश्चितता वेगळी, जोखीम मोजता येते, अनिश्चितता मोजताच येत नाही.

मॅनेजरचं कसब मोजता येतं तिथे चालतं. मागच्या वर्षांची विक्री बघून बजेट, माल, माणसं सगळं बसवायचं. पण चलन घसरलं, नियम बदलले किंवा नवीन टेक्नॉलॉजी आली की तो जुना डेटा कामाचाच राहत नाही, आणि अशा वेळी चांगला उद्योजक किती मिळेल हे विचारायच्या आधी किती बुडालं तरी आपण उभे राहू हे ठरवतो, तेवढेच पैसे लावतो, गिऱ्हाईक काय म्हणतंय ते बघतो आणि पुढचं पाऊल बदलतो. शिवाय मालाचे पैसे येणार साठ दिवसांनी आणि पगार द्यायचा एक तारखेला, हे गणित त्याच्या डोक्यात चोवीस तास चालू असतं. कागदावर नफा असताना धंदे बंद पडतात ते यामुळेच.

म्हणून मॅनेजरला कमी समजू नका हं. टिम कुक १९९८ मध्ये ॲपलमध्ये मालपुरवठा सांभाळणारा मॅनेजर म्हणून आला आणि त्याने गोदामं बंद करून महिनाभराचा साठा काही दिवसांवर आणला, नुसत्या कल्पनांवर ती कंपनी वाचली नसती.

आणि कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीचं उदाहरण तर मला फार महत्त्वाचं वाटतं. १९८५ च्या सुमारास जपानी कंपन्यांमुळे त्यांचा मेमरी चिपचा धंदा तोट्यात होता, तेव्हा अँडी ग्रोव्हने गॉर्डन मूरला विचारलं की आपल्याला काढून नवा सीईओ आणला तर तो काय करेल? मूर म्हणाला, मेमरीतून बाहेर पडेल. मग तेच त्यांनी स्वतः केलं. यात मूर कंपनीचा एक संस्थापक आणि ग्रोव्ह मॅनेजर, म्हणजे जुनं सोडायची हिंमत मॅनेजरकडेही असते.

आता ठरवायचंच असेल तर स्वतःला एवढं विचारा: अर्धवट माहितीवर निर्णय घेऊन रात्री झोप लागते का? लागत असेल तर धंद्याकडे वळा, फक्त हिशेब आधी शिका. आणि दुसऱ्यांकडून काम नीट करून घेण्यात, आपण सुट्टीवर असतानाही ते चालू राहण्यात मजा येत असेल तर मॅनेजरकीच करा, पण कंपनीत नवीन प्रॉडक्टची किंवा नवीन मार्केटची टीम मागून घ्या, तिथे जुना डेटा नसतो.