टेस्टच्या नावाखाली अख्खं पुस्तक

चित्रकथा काढणाऱ्यांनी, त्यातही नुकतंच शिक्षण संपवून फ्रीलान्स कामं शोधणाऱ्या पोरापोरींनी हे जरूर वाचावं. सध्या एक टोळी (एकट्यादुकट्याचं हे काम नाही, म्हणून टोळीच म्हणते) चित्रकारांकडून ‘टेस्ट पेज’ (काम देण्याआधी हात बघायला मागतात ते नमुन्याचं पान) मागवते आणि त्या टेस्टच्या पानांचंच पुस्तक करून विकते. खात्यातून रुपया जात नाही, ओटीपी कुणी विचारत नाही, त्यामुळे आपल्याला गंडवलंय हे कळायलाच वेळ लागतो.

मी नाशिकला इंदिरानगरात राहते आणि पूर्णवेळ हेच करते. कॉमिक्सवर घर चालतं का, असं नातेवाईक विचारतात. चालतं, पण ज्या कॉमिक्सवर चालतं ती त्यांनी कधी बघितलेली नसतात. यंदाचं सगळ्यात मोठं काम होतं द्राक्षबागायतदारांसाठीची पुस्तिका: एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, काडी कुठे कापायची, डोळे (काडीवरच्या फुटव्याच्या जागा) किती ठेवायचे, सगळं चित्रांतून. दिंडोरीकडच्या एका बागेत उभं राहून काड्यांची स्केचेस केली, तरी बागेच्या मालकांनी ‘ताई, हा डोळा उलट्या बाजूला गेला बरं’ म्हणत पान परत पाठवलं. पैसे मात्र वेळेवर आले. रात्री माझं स्वतःचं काम चालतं, 2 मार्च 1930 ला सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहावरची लांबलचक चित्रकथा. तिला ना प्रकाशक, ना मुदत.

अशात इन्स्टाग्रामवर मेसेज आला. 2027 च्या सिंहस्थानिमित्त मुलांसाठी गोदावरीवरचं 48 पानी रंगीत कॉमिक, पानामागे 4000 रुपये, ‘आर्टिस्ट नाशिकचाच हवा’. सिंहस्थ जवळ आला की नाशकात प्रत्येकाकडे काही ना काही ‘प्रोजेक्ट’ असतंच, कुणाचं हॉटेल, कुणाचं ॲप, कुणाचे टी-शर्ट. त्यात कॉमिकही असणार, यात वावगं काहीच नव्हतं. फोनवरचा माणूस अतिशय मऊ बोलायचा. ‘मॅडम, तुमची लाइन फार बोल्ड आहे’, ‘मॅडम, शाई हातानेच करता ना?’ म्हणजे काम नीट बघितलेलं होतं. कॉलेज रोडला भेटायचंही ठरलं आणि ऐनवेळी त्याची ‘मुंबईला मीटिंग’ निघाली.

टेस्ट मागण्यात नवीन काही नाही. आमच्या धंद्यात ती सर्रास मागतात. मला दोन पानांची संहिता आली. गोदेला पूर आलाय, दहा-बारा वर्षांचा मुलगा रामकुंडाकडे पळतोय, खांद्यावरच्या थैलीचा बंद तुटलेला, पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत चढलेलं. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे पूर मीटरने नाही, गोदेच्या पात्रातल्या या दोन तोंडांच्या मारुतीने मोजतात. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, आता छातीला, असं गावभर सांगत सुटतात. मला हे काढायला मिळतंय म्हटल्यावर मी जीव ओतला. अक्षरंही हातानेच काढली, कारण मराठीत मात्रा आणि वेलांट्या संवादाच्या फुग्याच्या कडेला धडकतात आणि फॉन्टमध्ये ते सावरता येत नाही.

आता नीट बघा, माझ्याकडे काय काय मागितलं होतं. ए-4, 300 डीपीआय (छपाईला लागतो तेवढा बारकावा), सीएमवायके (छपाईचे चार रंग), चारही बाजूंना 3 मिमी ब्लीड, अक्षरं वेगळ्या लेअरवर, ओपन पीएसडी फाइल, म्हणजे हवे ते बदल करता येणारी फोटोशॉपची मूळ फाइल. आणि फाइलचं नाव ‘14 डावं, 15 उजवं’. हात कसा आहे एवढंच बघायचं असेल तर मोबाइलवर दिसेल एवढा जेपेग पुरतो. ब्लीड म्हणजे छापल्यावर कापून टाकायची जास्तीची कड. ज्याला छापायचंच नाही त्याला ती कड कशाला? मी हे विचारलं. ‘आमच्या टीमचा स्टँडर्ड फॉरमॅट आहे मॅडम,’ असं उत्तर आलं. थैलीचा बंद का तुटलाय, तेही विचारलं. ‘स्टोरीत आहे,’ एवढंच.

फाइल पोचल्यावर ‘सगळ्यांना फार आवडलं’. मग ‘क्लायंटने प्रोजेक्ट होल्डवर ठेवलंय’. मग नंबर बंद.

भांडं फुटलं ते कोल्हापूरच्या एका मुलामुळे. नुकताच जी. डी. आर्ट (चित्रकलेची पदविका) झालेला. आमच्या चित्रकारांच्या ग्रुपवर त्याने स्वतःचं काम म्हणून दोन पानं टाकली. तोच मुलगा, तीच थैली, आणि शेवटच्या चौकटीत वाड्याच्या जिन्यावर तिचा बंद तुटतो! खाली बारीक अक्षरात 12-13. त्याला फोन केला तर म्हणाला, ‘ताई, माझी टेस्ट होती ती, सिलेक्शन नाही झालं.’ त्यालाही सांगितलं होतं, ‘आर्टिस्ट कोल्हापूरचाच हवा’. मग ग्रुपवर विचारत गेलो, तसे नागपूर, सोलापूर, रत्नागिरी असे सात जण निघालो. प्रत्येकाकडे दोन-दोन पानं, एकाचंही पान दुसऱ्यासारखं नाही. 48 भागिले 2, म्हणजे आणखी बरेच असणार.

पुस्तक ऑनलाइन विकायला आलेलंच होतं. मी प्रत मागवली. चित्रकार म्हणून ‘टीम’. सगळ्या पानांवर एकच पिवळट रंग फिरवलाय, हात वेगवेगळे आहेत हे झाकायला. मला शोधावं लागलं नाही. इतर पानांवर फॉन्ट आणि मध्येच दोन पानं माझ्या हातच्या अक्षरांची. आणि पान उलटलं की सोळाव्या पानावर मारुती एकतोंडी, वर कोरड्या घाटावर! ते पान नागपूरच्या मुलीचं. तिने रामकुंड पाहिलेलं नाही आणि माझं पान तिला कुणी दाखवलं नव्हतं. रागात असूनही तिथे मला हसू आलं.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न होता, ‘पैसे किती गेले?’ काहीच नाही म्हटल्यावर समोरच्याने पेन खाली ठेवलं. 1930 हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर खात्यातून पैसे गेले तर ताबडतोब लावायचा, आमच्या कामाचा नव्हता. शेवटी ओळखीच्या वकीलबाईंनी मुद्दे लिहून दिले. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र काढलं की हक्क तयार होतो, नोंदणीची सक्ती नाही. तो हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर कलम 19 प्रमाणे लेखी करार आणि सही लागते. व्हॉट्सॲपवर फाइल पाठवली म्हणजे हक्क दिला असं होत नाही. जाणूनबुजून हा हक्क मोडला तर कलम 63 मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे आणि हा गुन्हा दखलपात्र (म्हणजे पोलिसांनी थेट नोंदवून घ्यायचा) असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलंय. तो कागद पुढे केल्यावर अर्ज घेतला गेला. जोडीला सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार केली.

पुरावा म्हणून सगळ्यात कामाला आल्या त्या कच्च्या गोष्टी: वहीतली पेन्सिल रफ, तारखेसकट पीएसडी, संहितेची मूळ फाइल, एक्स्पोर्ट केलेलं पूर्ण चॅट. या पुसू नका. टेस्ट द्यायचीच असेल तर 72 डीपीआयचा जेपेग द्या, मधोमध आडवं नाव टाकून. ओपन फाइल हवी असेल तर आधी ॲडव्हान्स घ्या. आणि ‘टेस्टची पानं छापणार नाही’ एवढं एक वाक्य ईमेलवर मागा; खरा प्रकाशक दोन मिनिटांत लिहून देतो.

आमच्या नोटिशीनंतर पुस्तक विक्रीतून उतरलं. पैसे कुणालाच मिळालेले नाहीत, तक्रारीचं पुढे काय ते अजून ठरायचंय. मात्र मागच्या आठवड्यात जळगावच्या एका मैत्रिणीला तसाच मऊ आवाजाचा फोन आला: पांडवलेणीत हरवलेल्या मुलीची गोष्ट, टेस्टला दोनच पानं, 22 डावं, 23 उजवं, 3 मिमी ब्लीड. तिने एवढंच विचारलं, ‘21 कोणी काढलंय?’ समोरून फोन कट झाला.