कॅलेंडरांचा मेळ: लिखित मानक की प्रत्यक्ष चाचणी?

एका कॅलेंडरमधील नोंद दुसऱ्यात अचूक उतरावी यासाठी नियम काटेकोर लिहिता येतात, किंवा निरनिराळी सॉफ्टवेअर समोरासमोर आणून तपासता येतात. १९९८ मध्ये आलेले आणि २००९ मध्ये आरएफसी ५५४५ (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवज-मालिकेतील क्रमांक) म्हणून सुधारलेले आयकॅलेंडर हे कॅलेंडर-नोंदींचे मानक पहिल्या मार्गाचे फळ. कॅलकनेक्ट ही संस्था भरवते ती चाचणी-सत्रे दुसऱ्याचे.

मानकाशिवाय चाचणीला निकषच उरत नाही, हे खरे. परंतु लिहिलेला नियम पाळला जातोच असे नाही. दिवसभराच्या कार्यक्रमात समाप्तीची तारीख धरायची नसते, म्हणून १५ ऑगस्टच्या सुट्टीची समाप्ती १६ ऑगस्ट अशी नोंदवतात. हे ज्याने नीट वाचले नाही, त्याच्या कॅलेंडरात सुट्टी दोन दिवसांची होते. (कर्मचारी अर्थातच तक्रार करत नाहीत.)

नोंदीच्या फायलीतली ओळ ७५ बाइटांपेक्षा लांब नसावी, असेही मानक सांगते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे नुसते बाइट मोजून ओळ तोडणाऱ्या प्रणालीत ‘गणेशोत्सव मंडळाची वार्षिक सर्वसाधारण सभा’ अशा शीर्षकातले एखादे अक्षर मधोमध चिरले जाते. मानकात याचा इशारा आहे, तरी केवळ इंग्रजी मजकुरावर तपासणाऱ्याला हा दोष दिसणारच नाही. म्हणून नवा नियम जोडण्यापेक्षा मराठी शीर्षकांच्या नमुना-फायली चाचणीत घालणे मला अधिक उपयोगाचे वाटते.