बाल्डर्स गेट ३: वाईट वागायला निघालो आणि कार्लाक सोडून गेली

या गेमच्या पहिल्या रनला, म्हणजे पहिल्यांदा पूर्ण खेळताना, मी इतका सज्जन होतो की विचारू नका, ११० तास नुसती लोकांची कामं केली आणि वर बक्षीस नको म्हणालो. म्हणून डिसेंबरच्या सुट्टीत कोथरूडला घरी आल्यावर ठरवलं, यावेळी पूर्ण हरामीपणा करायचा. (१५० जीबी जागा लागते, ताईच्या लग्नाचं शूटिंग दुसऱ्या डिस्कवर हलवलं, तिला सांगू नका.)

लॅरियन स्टुडिओचा हा गेम २०२३ च्या ऑगस्टमध्ये आला. वाईट वागायचं म्हणजे मुख्य काम एकच, ग्रोव्हमध्ये (ड्रुइड लोकांची जंगलातली वस्ती) आसऱ्याला आलेल्या टीफलिंग म्हणजे शिंगवाल्या लोकांना गॉब्लिन टोळीची म्होरकी मिंथारा हिच्या ताब्यात द्यायचं. मी गेट आतून उघडलं, गॉब्लिन आत घुसले, आणि मागे मटार सोलत बसलेली आई म्हणाली, "अरे, या बिचाऱ्यांनी तुझं काय घोडं मारलंय?" उत्तरच सुचेना, कारण खरंच काही नव्हतं मारलं. एफ-८ वर (जुना सेव्ह परत लोड करायचं बटण) बोट गेलं होतं पण आईसमोर माघार कशी घेणार, खेळत राहिलो.

आणि इथे गेम तुम्हाला मस्त आपटतो. पाप-पुण्याचा मीटर वगैरे काही नाही, फेबल या गेमसारखी डोक्यावर शिंगं पण येत नाहीत, फक्त माणसं निघून जातात. माझ्या टोळीतले सोबती, कार्लाक गेली, विल गेला. डॅमन लोहार मेला, म्हणजे त्याचं दुकान पण गेलं. रात्री कॅम्पवर गॉब्लिनांची पार्टी होती पण मला त्यात कोणाशी बोलावंसंच वाटेना. बदल्यात काय मिळतं तर मिंथारा सोबतीला, ती भारी आहे, तिचे डायलॉग ऐकून मी एकटाच हसत होतो, पण एका मिंथारासाठी अर्धा गाव घालवायचा हा सौदा मला महागच वाटला. वाईट माणसाच्या वाट्याला नवीन क्वेस्ट, म्हणजे गेममधली कामं, फार कमी आहेत, आहेत त्याच गळत जातात. ही माझी खरी तक्रार आहे, नीतीबितीची नाही.

मग डार्क अर्ज (खून करायची हुक्की येणारं तयार पात्र) घेऊन परत सुरू केला आणि तो मात्र कडक लिहिलाय राव. त्यात वाईटपणा तुम्ही निवडत नाही, तो तुमच्या अंगातच असतो. अल्फिरा म्हणून एक गाणारी पोरगी आहे, गुरूवरचं गाणं तिला पुरं करता येत नसतं, मी बसून तिला मदत केली, नंतर ती आपणहून कॅम्पवर आली. सकाळी उठलो तर माझे हात रक्ताने भरलेले आणि ती शेजारी मेलेली. कुठलाच ऑप्शन दिला नव्हता मला! लोड करून परत झोपलो, तरी तेच.

त्यानंतर प्रत्येक वेळी ती हुक्की आली की डायलॉगमध्ये नको म्हणायचा ऑप्शन शोधायला लागलो, नको म्हणणं जमतं का हे ठरवणारे डाइस टाकताना देवाचं नाव घ्यायला लागलो. हरामीपणा करायला बसलेला मी!

सप्टेंबर २०२४ च्या पॅच ७ या अपडेटमध्ये वाईट रनसाठी नवे शेवट टाकलेत, ते यूट्यूबवर बघितले, चांगले आहेत. चार स्टार. ग्रोव्हवाल्या रनला तीनच दिले असते.