२० लिटरची ड्राय बॅग: पाणी नाही शिरलं, बकल मात्र गेलं

महेश्वर ते बडवानीचा राजघाट नर्मदेतून कयाकने जायचं, लोकांनी दर किलोमीटरमागे पैसे द्यायचे आणि ते एका शाळेच्या लायब्ररीला, असं ठरलं म्हणून इंदूरच्या सियागंज बाजारातून ही बॅग घेतली. महेश्वरच्या खाली सहस्रधारेला नदी खडकांत फुटते ना, तिथे कयाक उचलून काठाने चालावं लागलं आणि नेमकं तिथेच खांद्याच्या पट्ट्याचं बकल तुटलं, मग काय, सुतळी. पण आतलं पावतीबुक, पॉवरबँक, आईने दिलेली शेव, सगळं कोरडं! बॅगेचं तोंड तीनदा गुंडाळा बरं का, पहिल्या दिवशी मी एकदाच गुंडाळलं तर टॉवेल ओलाचिंब. दुकानदार म्हणतो, बकलची गॅरंटी नसते भिया. पाचपैकी तीन स्टार.